मंत्रीमहोदय, नवी बुरशी नको, कचरा नीट येऊ द्या

माननीय पर्यावरणमंत्री यांस,

सविनय नमस्कार.

वाया गेलेलं अन्न आणि इंधनाच्या कारखान्यांत उरणारा गाळ बुरशीला खाऊ घालून त्यापासून रसायनं बनवायची, ही कल्पना आता भाषणांतही येऊ लागली आहे. मला त्याचा आनंदच आहे. बुरशी वाढवणं हेच माझं काम, आणि आयुष्यातली बरीच वर्षं फर्मेंटरच्या (बुरशी वाढवायच्या बंद टाकीच्या) काचेला डोळे लावून गेली. पण 'नव्या बुरशीचा शोध' म्हणून योजना आखली जाते तेव्हा मला हात वर करून सांगावंसं वाटतं की साहेब, बुरशी हजर आहे. कधीची हजर आहे.

कांद्याच्या सालीवर काळी भुकटी दिसते ना, ती बहुतेक वेळा ॲस्परजिलस नायजर असते. साखरेच्या आंबट द्रावणात हीच बुरशी भरपूर सायट्रिक ॲसिड (लिंबाला आंबट करणारं आम्ल) तयार करते, हे जेम्स करी यांनी 1917 मध्ये दाखवलं. 1919 मध्ये अमेरिकेतल्या फायझर कंपनीने त्यावर उत्पादन सुरू केलं. तोवर जग इटलीतल्या लिंबांवर अवलंबून होतं. आज वर्षाला 20 लाख टनांहून जास्त सायट्रिक ॲसिड बनतं आणि ते जवळजवळ सगळं फर्मेंटेशनचं, म्हणजे असं सूक्ष्मजीव वाढवून बनवलेलं असतं, बरंचसं मळी आणि स्टार्चवर वाढवलेलं. पेनिसिलिन हेही बुरशीपासूनच मिळणारं औषध, त्याचंही तेच. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या पिओरिया इथल्या प्रयोगशाळेत त्याचं उत्पादन वाढलं, त्यात मोठा वाटा मका भिजवून स्टार्च काढल्यावर उरणाऱ्या पाण्याचा होता. म्हणजे एका कारखान्याच्या सांडपाण्यावर एक औषध उभं राहिलं.

इंधनाकडचा कचराही बुरशीला वर्ज्य नाही. 100 किलो बायोडिझेलमागे साधारण 10 किलो कच्चं ग्लिसरीन पडतं. त्यात मिथेनॉल, साबण, क्षार असं सगळं मिसळलेलं असतं, म्हणून शुद्ध करायला जावं तर परवडत नाही. यारोविया लिपोलिटिका नावाचं यीस्ट (यीस्टही बुरशीच) त्या घाणीतच वाढतं आणि सायट्रिक ॲसिड किंवा एरिथ्रिटॉल (साखरेऐवजी वापरायचा गोड पदार्थ) देतं. इथेनॉलच्या डिस्टिलरीत एका लिटरमागे 10 ते 15 लिटर स्पेंट वॉश (इथेनॉल काढून घेतल्यावर उरणारं गडद सांडपाणी) उरतो. त्यावर बुरशी वाढवून पशुखाद्यासाठी प्रथिनं मिळवण्याचे प्रयोग झाले आहेत.

मग अडतं कुठे? एक प्रसंग सांगते. कारखान्याचं नाव सोडून देते.

मळीवर सायट्रिक ॲसिडची बॅच होती. प्रयोगशाळेतल्या फ्लास्कमध्ये सगळं झकास. बुरशीच्या मोहरीहून बारीक गुळगुळीत गोळ्या झालेल्या, द्रावण पातळ, ॲसिड चढतंय. मोठ्या टाकीत तीच बुरशी, तीच मळी घातली. दुसऱ्या दिवशी काचेतून पाहिलं तर गोळ्या नाहीतच, नुसते तंतू. कापूस भिजवून ढवळावा तसा लगदा झालेला. ढवळणी कण्हत होती, हवा आत शिरत नव्हती, ॲसिड नावापुरतं. चार दिवस आम्ही बुरशीलाच शिव्या घातल्या. शेवटी सापडलं ते एवढंच, की दुरुस्तीत एका ठिकाणी साध्या पोलादाचा जोड बसवला होता. टाकीतल्या आम्लाने त्यातलं मँगनीज विरघळलं आणि बुरशीचा नूरच बदलला. लिटरमागे काही मायक्रोग्रॅम मँगनीज जास्त झालं, तरी ही बुरशी ॲसिड बनवायचं सोडून अंगानेच वाढत सुटते.

आता कल्पना करा, मिसळलेल्या ओल्या कचऱ्याची. कोंडा, पालेभाज्या, चहाचा चोथा या सगळ्यांत मँगनीज भरपूर. आज साली जास्त, उद्या तेल जास्त, परवा मीठ. टाकीऐवजी ओलसर चोथ्यावरच बुरशी वाढवली तर धातूंचा जाच कमी होतो हे खरं. पण मग ढिगाच्या पोटातली उष्णता बाहेर कशी काढायची, हा दुसरा घोर लागतो.

म्हणून माझं मागणं उत्साह थोडा कमी करणारं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालानुसार 2022 मध्ये जगात 105 कोटी टन अन्न वाया गेलं, त्यातलं सुमारे 60 टक्के घरांतून. त्या आकड्याला भुलून घरगुती कचऱ्यापासून सुरुवात करू नका. तो सर्वांत अवघड. शिवाय सडक्या धान्यावर आपण न बोलावलेल्या बुरश्याही येतात आणि अफ्लाटॉक्सिनसारखी विषं मागे ठेवतात, तेव्हा पशुखाद्याच्या वाटेने जाणाऱ्या मालाची तपासणी सक्तीची हवीच. सुरुवात करायची तर रोज एकच प्रकारचा कचरा पडतो तिथे करा. रसाच्या कारखान्यातल्या साली, स्टार्चच्या कारखान्यातलं पाणी, बायोडिझेलचं ग्लिसरीन. पिंप कारखान्याच्या दारात भरलं जातं तिथेच ते वेगळं राहिलं पाहिजे. एकदा मिसळलं की कुठलीच बुरशी ते निवडून देणार नाही.

दुसरं, मधल्या मापाच्या टाक्या. फ्लास्कपासून एकदम 50 हजार लिटरवर उडी मारली की वर सांगितलं तसं होतं. काहीशे ते काही हजार लिटरची, भाड्याने मिळणारी, चालवणाऱ्या माणसांसकट असलेली सोय सरकारने उभी करावी. एकट्या लहान उद्योजकाला ती झेपत नाही. ती वर्षभर वापरात राहील, एवढं मी अनुभवावरून सांगते. चांगली कल्पना फ्लास्कपुढे न गेल्यामुळे कपाटात पडलेली मी पुष्कळ पाहिली आहे.

आणि तिसरं आपल्याच टेबलावरचं. नियमांत एकदा 'कचरा' ठरलेली वस्तू पुन्हा 'कच्चा माल' कधी ठरते, हे स्वच्छ शब्दांत लिहिलेलं असू द्या. ग्लिसरीनचं पिंप एका दारातून कचरा म्हणून निघालं तर समोरच्या दारात ते कुठल्या कागदावर आत घ्यायचं, हे ट्रकच्या ड्रायव्हरलाही कळलं पाहिजे.

आपली,
एक फर्मेंटेशन तंत्रज्ञ

ता. क. : आमच्या धंद्याचं झाकलेलंही सांगते. सायट्रिक ॲसिड वेगळं काढायच्या जुन्या पद्धतीत आधी चुना, मग सल्फ्युरिक ॲसिड वापरतात आणि टनाला टनाहून जास्त ओलं जिप्सम उरतं. 'कचऱ्यातून रसायन' असा प्रस्ताव कोणी आणला तर त्याच्या शेवटच्या पानावर या जिप्समचा हिशेब आहे का, तेवढं आधी पाहा.