होटगी रोडच्या टायरवाल्या चाचांना

चाचा, सलाम.

त्या दुपारी तुमच्या दुकानी आलो तेव्हा माझं एकच म्हणणं होतं, चारी चाकांत हवा भरा. डॅशबोर्डवरचा तो पिवळा दिवा, टायरच्या आडव्या कापासारखा आणि मधे उद्गारचिन्ह, तीन आठवडे जात नव्हता. दिसला की मी पंपावर हवा भरून घ्यायचो. एका ठिकाणी तर 'चाकांत बसून हवेचा दाब मोजणारे चारही सेन्सर बदला' म्हणून असा आकडा लिहून दिला की घरी सांगायची सोय नव्हती.

तुम्ही हवेच्या पाइपला हातच लावला नाही. विचारलंत, "दिवा मिचकतो, का थेट लागतो?" मला सांगता येईना. तीन आठवडे रोज समोर होता, लक्ष कुठं होतं! गाडी बंद करून परत चालू करायला लावलीत. दिवा मिनिटभर मिचकला, मग स्थिर झाला. "हवा कमी असती तर थेट लागला असता. हे हवेचं दुखणं न्हाई, हवा मोजणाऱ्या सिस्टीमचं हाय."

मग ते जाड रिमोटएवढं यंत्र आणून एकेका व्हॉल्व्हजवळ धरलंत. पुढची दोन्ही चाकं बोलली, मागचं उजवं बोललं. दाब, तापमान, बॅटरी, सगळं स्क्रीनवर. मागचं डावं गप्प. पण पुढच्या चाकांत ४१ पॉइंट (पीएसआय) हवा, आणि किती हवी ते दाराच्या पट्टीवर छापलेत ३३! मी लगेच हवा सोडा म्हणालो, तर तुम्ही थांबवलंत. तापलेल्या चाकाचा दाब चढलेलाच असतो, दहा अंशांमागं दोनेक पॉइंट. खरा आकडा सकाळी गार चाकाचा. (दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ३७ निघाले. चार पॉइंट माझ्या अतिहुशारीचे.)

"हे चाक कुणी उघडलं होतं का?" या प्रश्नावर मोहोळजवळचं पंक्चर आठवलं. आतून पॅच लावला होता, आणि दिवा त्यानंतरचाच. टायर रिमवरून सोडवलात तर सेन्सरच्या प्लास्टिकला मधोमध चीर. त्या पंक्चरवाल्याच्या टायर काढायच्या मशीनचं पातं नेमकं व्हॉल्व्हच्या बाजूला टेकलं होतं.

मला सगळ्यात आवडलं ते पुढचं. फडक्यानं धूळ पुसून, मोबाइलच्या उजेडात, चष्मा कपाळावर सरकवून तुम्ही त्या तुटक्या सेन्सरवरचा नंबर एकेक आकडा मोठ्यानं वाचलात आणि पोराला यंत्रात टाकायला लावलात. तोच नंबर नव्या सेन्सरवर चढवला, म्हणजे गाडीला वेगळी ओळख करून द्यायची गरज नाही. सेन्सर ४३३ मेगाहर्ट्झचाच, म्हणजे माझ्या गाडीला ऐकू येणाऱ्या रेडिओ लहरीचाच आहे ना, हे पोराला दोनदा बघायला लावलंत. एक चक्कर मारून आलो आणि दिवा गेला.

चारातला एकच बदललात. उरलेल्या तिघांचंही स्पष्ट सांगितलंत: गाडी सहा वर्षांची, आतली बॅटरी बदलता येत नाही, कधीतरी संपणारच, पण आज चालताहेत तर आज कशाला काढायचे? हे ऐकायला मिळतं कुठं, चाचा?

चहाचे पैसेही देऊ दिले नाहीत, म्हणून घरची शेंगाचटणी पोराच्या हाती दिली होती. डबा परत करायची घाई नको. पंढरपूरला जायच्या आधी स्टेपनी दाखवायला येतोच. तिच्यात सेन्सर नाही, ती लावली तर दिवा मिचकणारच, हे आता मला पाठ आहे.

तुमचा,
पांढऱ्या गाडीवाला