दार लावून घेतलंत, त्याबद्दल

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

मी तुम्हाला आठवणार नाही. गेल्या श्रावणात आईबरोबर आलेली, तोंडाला स्कार्फ गुंडाळलेली मुलगी.

त्याआधी आठ महिने मी एक मलम लावत होते. मेडिकलवाल्याने पिंपल्ससाठी म्हणून हातावर ठेवलं, चिठ्ठी मागितली नाही. चार दिवसांत चेहरा स्वच्छ. थांबवलं की दुप्पट फोड, म्हणून पुन्हा तेच. गाल लालबुंद झाले, उन्हात आग व्हायची, हनुवटीवर लव आली. एका दवाखान्यात दाखवलं, तर त्या डॉक्टरांनी मान वर न करता तसलीच ट्यूब लिहून दिली. आणि घरीदारी एकच पाढा: तेलकट खाऊ नकोस, तोंड धूत जा. दिवसातून सहा वेळा धूत होते हो मॅडम.

तुमच्या खोलीत माझ्यामागचे चार पेशंट आतच येऊन उभे होते. तुम्ही म्हणालात, "स्कार्फ काढ." माझा हात गाठीवरच राहिला. तुम्ही काही बोलला नाहीत. उठलात, त्या चौघांना बाहेर बसायला सांगितलंत, स्वतः दार लावलंत आणि परत खुर्चीत येऊन म्हणालात, "हं, आता काढ."

बाहेर केवढी रांग होती! त्या दुसऱ्या दवाखान्यात एसी होता, माझ्यामागे कुणी नव्हतं, तरी तिथे माझ्याकडे बघायला सवड झाली नाही. तुमच्याकडे पंखा कुरकुरत होता. माणुसकीला जागा आणि पैसा लागतो असं मला वाटायचं, ते त्या दिवशी गेलं.

ट्यूब बघताच तुम्ही सांगितलंत, यात स्टेरॉइड आहे, आणि अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायला २०१८ पासून बंदी आहे. "सोडल्यावर आधी आणखी बिघडेल, घाबरून परत लावू नकोस," हे वाक्य धरून मी ते पाच आठवडे काढले. पुढे पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइन नावाच्या गोळ्या देताना, गरोदरपणात त्या घेतल्या तर बाळात व्यंग येऊ शकतं हे सांगून, लग्नाचं काही चाललंय का असं तुम्ही मला विचारलंत. आईला नाही.

डाग अजून आहेत, फोड नाहीत.

परवा चुलत बहिणीच्या कपाटात तीच ट्यूब सापडली. सोमवारी तिला घेऊन येतेय. तीही स्कार्फ बांधूनच येईल.

आपली,
एक पेशंट