आई-बाबा, ‘द नॉर्थमन’ बघण्याआधी

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, ‘द नॉर्थमन’ जरूर बघा, पण मूळ आख्यान ठाऊक करून घेऊन बघा. आगरकरांचं ‘विकारविलसित’ नाटक शेक्सपिअरच्या ज्या हॅम्लेटवरून आलं, त्या हॅम्लेटचाही पूर्वज म्हणजे या चित्रपटाचा नायक आमलेथ. साक्सो ग्रामाटिकुस या डॅनिश लेखकानं 1200च्या सुमारास त्याची गोष्ट लॅटिनमध्ये लिहून ठेवली. काका बापाला मारतो, आईशी लग्न लावतो आणि पोरगा जीव वाचवायला वेड पांघरतो. विस्तवापाशी बसून लाकडाचे आकडे तासतो, टोकं शेकून कडक करतो. कशाला करतोस म्हणून कुणी विचारलं, तर खरं तेच सांगतो: बापाचा सूड घ्यायला. लोक हसतात. पुढं मेजवानीत दरबारी दारू पिऊन पडले, की आईनं विणलेला भिंतीवरचा पडदा तो त्यांच्यावर पाडतो, त्याच आकड्यांनी जखडून टाकतो आणि वाडा पेटवून देतो. पांडवांसाठी लाक्षागृह शत्रूनं रचलं होतं, इथं नायकच ते रचतो.

दिग्दर्शक रॉबर्ट एगर्स यांनी 2022 सालच्या या चित्रपटात नेमकं हेच गाळलंय. त्यांचा आमलेथ पळून जातो, लुटारूंत वाढतो आणि गुलाम बनून काकाच्या आइसलँडमधल्या शेतावर शिरतो. अंगात बळ अफाट, डोकं मात्र फार कमी चालवतो. मला हे फार खटकलं. बल्लव झालेल्या भीमालासुद्धा कीचकासाठी नृत्यशाळा आणि अंधार लागलाच ना!

चिखल, धूर, मेंढ्या, घाम हे मात्र अस्सल उतरलंय. आइसलँडमधली ती घरं बघताना आपली माळवदाची घरं आठवतील. तिकडं इमारती लाकूड कमी, म्हणून गवत-मुळांसकट कापलेल्या मातीच्या पट्ट्यांच्या भिंती, छपरावरही तीच माती. आत उजेड बेताचाच, जसा माळवदाच्या साण्यातून, म्हणजे छपरातल्या झरोक्यातून, येतो.

आई, तुझ्यासाठी खरा चित्रपट गुडरूनचा आहे. निकोल किडमननं केलेली ही आई. साक्सोच्या गोष्टीत आई शेवटी मुलाच्या बाजूनं उभी राहते. इथं ती त्याला तोंडावर सांगते की तुझ्या बापानं मला गुलाम म्हणून आणलं होतं, त्याला मारायला मीच सांगितलं. एका प्रसंगात बापाचं सगळं मोठेपण गळून पडतं. शिवाय ज्या गादीसाठी काकानं भाऊ मारला, ती नॉर्वेच्या हाराल्डनं केव्हाच हिसकावलेली असते. काका आता मेंढ्या राखतोय. मुळातल्या युक्तीची भरपाई थोडीफार होते ती इथं. शेवटचं हेक्ला ज्वालामुखीवरचं द्वंद्व मला नुसतं देखाव्याचं वाटलं.

चित्रपट 137 मिनिटांचा आहे, दोन बैठकांत बघितला तरी चालेल. रात्रीच्या दृश्यांतले रंग मुद्दाम जवळजवळ काढून टाकलेत, कारण चांदण्यात आपल्या डोळ्यांना रंग नीट कळत नाहीत. म्हणून भर दुपारी खिडक्या उघड्या ठेवून लावू नका, काळ्या पडद्याशिवाय काही दिसणार नाही. टीव्हीचं चित्र ‘व्हिव्हिड’वर असेल तर ‘सिनेमा’वर घ्या, नाहीतर अंधारात डाग उठतात. उपशीर्षकं चालू ठेवा, मधेमधे जुनी नॉर्स भाषाही येते.

आणि आई, सुरुवातीच्या भागात गावावर हल्ला होतो, मग लेकराबाळांसकट माणसं कोंडून घर पेटवतात. तेवढं पुढं सरकव. गुडरूनचा प्रसंग मात्र सोडू नकोस, तिच्याबद्दल तुला काय वाटलं ते मला ऐकायचंय.

तुमची लेक