मंत्रीसाहेब, तो प्रश्न राजकारणाचाच होता

मा. मंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार. परवा तुमच्या पत्रकार परिषदेत मी विचारलं की महिला आरक्षणाचा कायदा २०२३ ला झाला, लोकसभा-विधानसभेत ३३ टक्के, पण कायद्यातच लिहून ठेवलंय की जनगणना आणि मतदारसंघ फेररचनेनंतरच लागू होणार, मग तोवर तुमचा पक्ष बायकांना तिकिटं किती देणार? तुम्ही म्हणालात, "ताई, आधी राजकारणाचं होऊ द्या, महिलांचं शेवटी घेऊ." हॉल हसला. शेवटी काहीच घेतलं नाही, उठून गेलात.

२८८ च्या विधानसभेत २०२४ ला २१ बायका निवडून आल्या. हे राजकारण नाही तर काय आहे?

हसणारे माझ्याच बीटवरचे, राजकारण कव्हर करणारे पत्रकार होते, ते जास्त लागलं. आमच्यातल्या सिनियर लोकांना जेंडर म्हणजे ८ मार्चची पुरवणी वाटते. युती फुटली तर ती "हार्ड" बातमी आणि ती त्यांची, आणि महिला, दलित, आदिवासी आले की "हे तू कर". रात्री उशिरापर्यंत मंत्र्यांच्या बंगल्यांबाहेर बूम माइक धरून उभी राहिलेय, धड टॉयलेट नसतं, आणि आत ऑफ द रेकॉर्ड गप्पांना पुरुषच बोलावता तुम्ही लोक, सकाळी बातमी त्यांची आणि ऑफिसात विचारणा मला की तुझ्याकडे का नाही!

पत्रकार दिनाला स्टेजवरून शब्द दिला होतात की महिला पत्रकारांसोबत बसून बोलू. कधी? २०२२ ला मंत्रालयात शिवप्रतिष्ठानच्या संभाजी भिडेंनी एका पत्रकार मुलीला आधी टिकली लाव मग बोलतो म्हटलं, महिला आयोगाने नोटीस काढली, पुढे काय झालं? २०२४ ला बदलापुरात एका स्थानिक नेत्यावर महिला पत्रकाराला जे बोलल्याचा गुन्हा दाखल झाला ते मला इथे लिहवत नाही.

आणि आमची मीडियाही काही वेगळी नाही. ऑक्सफॅम ही संस्था आणि न्यूजलाँड्री ही न्यूज वेबसाइट यांच्या २०१९ च्या पाहणीत न्यूजरूममधल्या १२१ मोठ्या पदांपैकी १०६ सवर्णांकडे, दलित-आदिवासी एकही नाही. कुठला प्रश्न मोठा हे तेच ठरवणार, तुम्हाला तेच सोयीचं, आणि निम्मं राज्य बातमीत येतं ते लाभार्थी म्हणून, रांगेत उभं असलेलं!

ऑफ द रेकॉर्ड बंद करा नाहीतर सगळ्यांना बोलवा. दिलेल्या मीटिंगची तारीख जाहीर करा. आणि हे वाचून माझ्या संपादकांना फोन लावू नका, जे बोलायचं ते मला बोला.

एक राजकीय वार्ताहर, मुंबई