ओवीची शाळा पाहायला जाल तेव्हा

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

दादा-वहिनी जूनपासून गावी राहायला येणार आणि ओवीला पहिलीत घालायचं, तर आपल्या वाडीवरची जिल्हा परिषदेची शाळा बरी की फाट्यावरची, असं तुम्ही विचारलंत. शेजारच्या दोन घरांतही हाच खल चालू आहे म्हणे, तेव्हा हे पत्र त्यांनाही वाचून दाखवा. दोन्ही शाळा सरकारी. फी नाही, बालभारतीची पुस्तकं मोफत, दुपारचं जेवण दोन्हीकडे. फरक पडतो तो पहिली-दुसरीचा वर्ग कोणाच्या हाती आहे आणि तिथली मुलं खरोखर वाचायला शिकतात का, इथे. रंगवलेल्या भिंती, नवं गेट, स्मार्ट बोर्ड यांना भुलू नका.

साध्या दिवशी जा, मंगळवारी किंवा बुधवारी. बाजाराचा दिवस नको, शनिवारची सकाळची शाळा नको, स्नेहसंमेलनाचा आठवडा तर नकोच. मुख्याध्यापकांना आदल्या दिवशी सांगून जा. एका रात्रीत कोणी मुलांना वाचायला शिकवू शकत नाही, त्यामुळे कळवल्याने काही बिघडत नाही, आणि शिक्षकही मोकळेपणाने बोलतात. परिपाठाला पोचा आणि जेवणाची सुट्टी संपेपर्यंत थांबा.

बाबा, आकड्यांचं तुम्ही पाहा. व्हरांड्यातल्या फळ्यावर पट आणि आजची हजेरी लिहिलेली असते. ती वाचा, आणि जेवायला बसलेली मुलं स्वतः मोजा. पटावर 48, फळ्यावर हजर 44 आणि ताटं 30, असं दिसलं तर बाकीची मुलं कुठे गेली ते विचारा. कधी आजारपण असतं, कधी ऊसतोडीला गेलेली कुटुंबं असतात, पण कधी नावं नुसती पटावर राहिलेली असतात. मग शिक्षक मोजा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, 61 ते 90 ला तीन, 91 ते 120 ला चार. मंजूर किती, भरलेली पदं किती आणि आज वर्गात उभे किती, हे तीन आकडे वेगवेगळे निघू शकतात. एखादे गुरुजी प्रतिनियुक्तीवर, म्हणजे तात्पुरते, दुसऱ्या शाळेत असतात, एखाद्या बाईंकडे मतदार यादीचं काम असतं. यू-डायसवर, म्हणजे शाळांच्या माहितीच्या सरकारी संकेतस्थळावर, शाळेचा 11 अंकी क्रमांक (आपल्या राज्याचा 27 ने सुरू होतो) टाकलात की पट, शिक्षक, खोल्या सगळं मोबाईलवर दिसेल. पण ती माहिती शाळेनेच भरलेली असते, म्हणून आधी घरी पाहून घ्या आणि तिथे पडताळा.

पहिलीच्या शिक्षकांबद्दल दोन प्रश्न विचाराच. या शाळेत किती वर्षं झाली, आणि यंदा बदलीला पात्र आहेत का? चांगल्या बाईंकडे पाहून शाळा ठरवावी आणि वर्ग सुरू होण्याआधीच त्यांच्या बदलीचा आदेश यावा, हे जिल्हा परिषदेत नेहमीचं आहे. बदली होणार असेल म्हणून शाळा सोडू नका, पण मग एकाच माणसावर भिस्त ठेवू नका. दुसरे शिक्षक कसे आहेत तेही बघा.

दोन शिक्षकी शाळेत वर्ग जोडलेले असणारच, त्याला घाबरू नका. पहिली-दुसरी एकत्र असेल तर उत्तम चालतं, कारण मोठी मुलं लहानांना शिकवतात. बघायचं ते असं की बाई दुसरीला शिकवत असताना पहिलीच्या मुलांच्या हातात काय असतं. अक्षरकार्डं, मणी, काड्या, चित्रांची पुस्तकं असली आणि मुलं त्यात गढलेली असली, तर बाईंनी आधी तयारी केलेली आहे. तासभर 'फळ्यावरचं उतरवा' चाललं असेल, तर पहिलीचं वर्ष तसंच जाईल. पुढे कितीही शिकवण्या लावल्या तरी ते भरून निघायला फार त्रास पडतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तिसरीच्या वर्गातल्या चार-पाच मुलांना, मुख्याध्यापकांना विचारून, वाचायला सांगा. पुढे केलेली हुशार मुलं नकोत, मधल्या ओळीतली घ्या. त्यांचं पाठ्यपुस्तक वापरू नका, कारण धडे पाठ असतात आणि मूल पान उलटायच्या आधीच पुढचं वाक्य म्हणून मोकळं होतं. घरून एखादं गोष्टीचं पुस्तक न्या, सोप्या आठ-दहा ओळींचं. मूल पहिलं अक्षर बघून शब्द ठोकून देतं का ते ऐका: 'पावसात' लिहिलंय आणि ते 'पाऊस' म्हणून पुढे जातं. जोडाक्षरावर अडलं तर हरकत नाही, पण अडल्यावर ते सोडवायचा प्रयत्न करतं की शिक्षकांच्या तोंडाकडे बघतं, त्यावरून त्याला कसं शिकवलंय ते कळतं. वाचून झाल्यावर गोष्टीत काय झालं ते विचारा. 'निपुण भारत' या केंद्र सरकारच्या वाचन-गणिताच्या अभियानाचं उद्दिष्ट आहे की तिसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला निदान 60 शब्द अर्थ समजून वाचावेत. घड्याळ लावायची गरज नाही. चारांतली तीन मुलं न अडखळता वाचून गोष्ट सांगत असतील तर शाळा चांगली आहे, असं मी बेधडक म्हणेन.

गणिताला एकच वजाबाकी द्या, 52 वजा 37. उत्तर 25 आलं, तर मुलाने प्रत्येक घरात मोठ्यातून लहान अंक वजा केला: पाचातून तीन, सातातून दोन. एकाच मुलाचं चुकलं तर ठीक. तीन-चार मुलांचं नेमकं 25 च आलं, तर त्यांना एक दशक मोडून दहा सुटे करणं हाताने कधी दाखवलेलंच नाही. वर्गात दहा-दहा काड्यांचे गठ्ठे दिसतात का, आणि त्यांचे रबर वापरून सैल झालेत का, तेही पाहा. कपाटात कोरे करकरीत ठेवलेले काही कामाचे नाहीत.

वह्याही उघडा. सगळ्यांच्या वहीत एकच वाक्य, एकाच चुकीसह असेल, तर ते फळ्यावरून आलंय. चूक आणि तिच्या शेजारी मुलाने परत लिहिलेलं बरोबर, असं दिसलं तर बाई वह्या खरोखर तपासतात.

आई, स्वयंपाकाचं तुझ्याइतकं कोणाला कळणार! पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी, 5 ग्रॅम तेल असं प्रमाण आहे. म्हणजे 30 मुलांना तीन किलो तांदूळ, 600 ग्रॅम डाळ आणि दीड किलो भाजी. खिचडी पांढरट दिसली, चमच्याला डाळ लागली नाही, तर विचार. तांदळात हात घालून अळ्या-खडे बघ. वाढण्याआधी शिक्षकाने चव घ्यायची असते, त्याचं रजिस्टर असतं. स्वयंपाकाच्या मावशींशी बोल, त्या खरं सांगतात.

मुलींचं स्वच्छतागृह दुपारी दोनला बघ, सकाळी नव्हे. कुलूप आहे का, आतून कडी लागते का, टाकीत पाणी उरलंय का. जिथे पाणी नसतं तिथे मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि बाटली भरलेलीच घरी येते.

सेमी-इंग्रजीचा आग्रह दादा धरेल. त्यात पहिलीपासून गणित इंग्रजीतून शिकवतात. पहिलीच्या बाईंना इंग्रजी सहज बोलता येत असेल तर खुशाल. नुसतं पाटीवर लिहिलेलं असेल तर ओवीला गणितही येणार नाही आणि इंग्रजीही.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. इतिवृत्त मागण्याआधी समितीवरच्या एखाद्या आईला घरी गाठून विचारा, मागची बैठक कधी झाली. 'सही घरी येऊन घेऊन गेले' असं उत्तर आलं तर समिती कागदावर आहे. अशा शाळेत तक्रार कुठे करायची हा प्रश्न पडतो. मग केंद्रप्रमुखांचा, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांचा, नंबर आधीच घेऊन ठेवा.

एप्रिलमध्ये पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी 'पहिले पाऊल'चा शाळापूर्व तयारी मेळावा असतो. दादा तोवर सुट्टी काढून येणार असेल तर ओवीला तिथेच घेऊन जा, तिचीही बाईंशी ओळख होईल. तिला मे महिन्यात सहा पूर्ण होतात, त्यामुळे वयाची अडचण नाही. जन्मदाखला आणि आधार बरोबर ठेवा. वयाचा पुरावा नाही म्हणून कोणालाही प्रवेश नाकारता येत नाही, हे शेजारच्यांना सांगा, त्यांच्या धाकट्याचा दाखला अजून मिळालेला नाही ना.

दोन्ही शाळा एकाच आठवड्यात बघा आणि वाचनाचं तेच पुस्तक दोन्हीकडे न्या. मुलांनी काय वाचलं, कुठे अडली, ते बाबा, तुम्ही वहीत टिपून ठेवा. रविवारी फोनवर दोन्ही पानं मला वाचून दाखवा, मग ठरवू.

तुमची,
माई