२.४ किलोच्या 'ट्यूब' बेस हेडबद्दल तक्रार: ट्यूब काढली तरी आवाज तोच, उजेडही तोच

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा आणि उत्पादन विभाग

विषय: ५०० वॅटचे बेस अँप हेड (बेस गिटारचा आवाज वाढवणारा, स्पीकर नसलेला डबा) परत घेऊन पूर्ण रक्कम देण्याबाबत. तक्रार तुमच्याकडे आधीच नोंदलेली आहे आणि माझ्या संमतीशिवाय 'निकाली' म्हणून बंदही केलेली आहे.

तुमच्या कस्टमर केअरशी आज झालेलं बोलणं शेवटचं. यापुढे फोन नाही, सगळं लेखी. हे पत्र वाचणाऱ्याला स्वतःच्या कंपनीचं अँप आतून माहीत असेल असं धरून लिहितो आहे, कारण फोनवरच्या कुणालाच ते माहीत नव्हतं.

तुमच्या जाहिरातीत तीन गोष्टी ठळक छापल्या आहेत: वजन २.४ किलो, ५०० वॅट, आणि 'अस्सल ट्यूब प्रीअँपचा उबदार टोन'. (ट्यूब म्हणजे काचेची निर्वात नळी, आणि प्रीअँप म्हणजे मुख्य ताकद मिळण्याआधी टोन घडवणारा भाग.) पहिली खरी आहे. दुसरी अर्धी खरी आहे. तिसरी खोटी आहे, आणि मी पैसे तिसरीसाठी मोजले. याच मालिकेतलं बिनट्यूबचं हेड १४,००० रुपयांनी स्वस्त आहे. पॉवर तीच, डबा तोच. म्हणजे हे १४,००० रुपये निव्वळ ट्यूबचे.

आता ती ट्यूब काय करते ते बघा. खालचे आकडे माझ्या कल्पनेतले नाहीत. तुमच्याच अधिकृत सेवा केंद्रात, तुमच्याच तंत्रज्ञाने, माझ्यासमोर मोजून जॉबशीटवर लिहून दिलेले आहेत. प्रत सोबत जोडली आहे.

ट्यूब १२एएक्स७, म्हणजे ईसीसी८३. तिच्यात दोन ट्रायोड, म्हणजे सिग्नल वाढवणारे दोन स्वतंत्र भाग, असतात. तुमच्या बोर्डावर त्यातला एकच जोडलेला आहे. पिन ६, ७ आणि ८ कडे एकही ट्रेस, म्हणजे बोर्डावरची तांब्याची वाट, जात नाही. अर्धी ट्यूब सॉकेटात नुसती बसून आहे. जो अर्धा भाग जोडला आहे त्याच्या प्लेटवर, म्हणजे वाढलेला सिग्नल जिथून निघतो त्या पिन १ वर, ३८ व्होल्ट मिळाले. १२एएक्स७ ला २५० व्होल्टचा पुरवठा, प्लेटला १०० किलोओम आणि कॅथोडला दीड किलोओम अशी नेहमीची जोडणी केली, तर प्लेट सुमारे १५० ते १८० व्होल्टवर बसते. तिथे सिग्नलला वर-खाली हलायला जागा असते. जोरात वाजवलं की शिखरं हळूहळू दबतात, दुसरा हार्मोनिक, म्हणजे मूळ स्वराच्या दुप्पट वारंवारतेचा स्वर, वाढतो, आणि ज्याला आपण सगळे 'ट्यूबचा टोन' म्हणतो तो तिथून येतो. ३८ व्होल्टवर ही जागाच उरत नाही. बायस (ट्यूबला स्थिर ठेवणारा व्होल्टेज) इतका थोडा राहतो की जरा जोराने वाजवलं तरी ग्रिडमधून, म्हणजे सिग्नल आत घेणाऱ्या टोकातून, करंट वाहू लागतो आणि शिखर दबण्याऐवजी तुटतं. ऐकायला मिळते ती फरफर. स्लॅप, म्हणजे अंगठ्याने तारा आपटून, वाजवणाऱ्याला पहिल्याच मिनिटात कळेल.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट आहे, कारण ती बेस वाजवणाऱ्याच्या मुळावर येते. ट्यूबनंतर सिग्नल पुढे नेणारा कपलिंग कपॅसिटर ४.७ नॅनोफॅरडचा आहे आणि पुढे २२० किलोओमचा भार. गणित करा: या जोडीचा कटऑफ, म्हणजे ज्याच्या खालचे स्वर कापले जातात ती मर्यादा, सुमारे १५४ हर्ट्झवर येतो. चार तारांच्या बेसची खालची ई ४१ हर्ट्झची. म्हणजे ट्यूबच्या वाटेने जाताना खालच्या ईचा मूळ स्वर १२ डेसिबलच्या आसपास कापला जातो. पाच तारांच्या बेसची बी तर ३१ हर्ट्झची, तिचं काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. हे आकडे सहा तारांच्या गिटारसाठी कुणीतरी काढलेल्या सर्किटमधून उचललेले दिसतात. बेसच्या अँपमध्ये तिथे २२ नॅनोफॅरड आणि १ मेगाओम ठेवले असते तर कटऑफ ७ हर्ट्झवर गेला असता. फरक दोन सुट्या भागांचा, खर्च काही रुपयांचा.

आणि तुमचं 'ट्यूब' नावाचं बटण प्रत्यक्षात मिश्रणाचं बटण आहे. ऑप-अँपमधून (सिग्नल वाढवणाऱ्या चिपमधून) जाणारी स्वच्छ वाट कायम चालू, तिच्यात हे बटण ट्यूबची वाट मिसळतं. एकटा ट्रायोड सिग्नल उलटा करतो. तो पुन्हा सरळ करणारा टप्पा तुमच्या बोर्डावर नाही. त्यात त्या छोट्या कपॅसिटरमुळे खालच्या स्वरांचा फेज, म्हणजे लहरीच्या चढ-उताराची वेळ, आणखी सरकतो. परिणाम असा की बटण जसं वाढवावं तसे दोन वाटांचे स्वर एकमेकांना खातात आणि आवाज भरण्याऐवजी पोकळ होतो. 'उबदार टोन' लिहिलेलं बटण फिरवल्यावर बेस पातळ होतो, याच्यावर तुमच्या कारखान्यात एकाही माणसाने कान दिला नाही?

बटण घड्याळातल्या बाराच्या खुणेच्या, म्हणजे मध्याच्या, खाली असताना तर ट्यूब असली काय, नसली काय, सारखंच. अँप बंद करून, वायर काढून, ट्यूब निवू देऊन, मागचं झाकण उघडून ती काढा आणि पुन्हा चालू करा. आवाज तोच. पातळी तीच. समोरच्या काचेआडचा केशरी उजेडसुद्धा तसाच, कारण तो ट्यूबचा नाहीच. ट्यूबच्या मागे केशरी एलईडी बसवला आहे. १२एएक्स७ चा खरा हीटर, म्हणजे ट्यूब तापवणारी तार, इतका मंद असतो की उजेडाच्या खोलीत तो शोधावा लागतो. स्टेजवर पहिल्या रांगेतून दिसेल एवढी झगमग तो करूच शकत नाही. हे तुम्हाला माहीत होतं, म्हणूनच तो दिवा बसवला.

आता आजचा फोन. माझी तक्रार 'प्रॉडक्ट स्पेशालिस्ट'कडे वर्ग केली आहे असं सांगून मला त्यांच्याशी जोडण्यात आलं. मी वरचं सगळं सांगितलं. त्यांचा पहिला प्रश्न: "सर, समोरच्या काचेत केशरी लाईट दिसते का?"

दिसते, मी म्हटलं.

"मग तुमची ट्यूब चालू आहे सर. लाईट आहे म्हणजे ट्यूब ओके."

मी त्यांना सांगितलं की ट्यूब या क्षणी टेबलावर, माझ्यासमोर आहे, आणि अँपमधली लाईट तरीही लागलेली आहे. पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मग आवाज एकदम बदलला: "सर, तुम्ही ट्यूब काढली? मग वॉरंटी संपली."

तुमच्याच माहितीपुस्तिकेत मागचं झाकण उघडून ट्यूब कशी बदलायची ते चित्रांसह दिलेलं आहे. मी ते वाचून दाखवलं. त्यावर "एक मिनिट होल्ड करा" आणि तुमची जाहिरातीची धून. परत आल्यावर उत्तर मिळालं: "आमचे इंजिनीअर म्हणतात की बेसमध्ये एवढा फरक कानाला कळत नाही. तुम्ही घरी वाजवता का प्रोफेशनल?"

या प्रश्नाचा मला जितका राग आला तितका त्या ३८ व्होल्टांचाही आला नाही. घरी वाजवणाऱ्याला खोटं विकलं तर चालतं, असा याचा अर्थ आहे का? मी एवढंच विचारलं की फरक कानाला कळत नसेल तर त्याचे १४,००० रुपये कशाचे घेतले. उत्तर: "सर, ते प्रीमियम मॉडेल आहे." फोन चालू असतानाच मोबाईलवर संदेश आला की तक्रार ग्राहकाच्या समाधानाने बंद करण्यात आली आहे. समाधान माझं, आणि ते नोंदवलं तुम्ही.

ट्यूब पूर्ण चालवली असती तर वजन वाढलं असतं, असं तुमच्या मेलमध्ये लिहिलं आहे. हे चूक आहे आणि तुमच्या डिझाइन विभागाला ते चूक असल्याचं माहीत असलं पाहिजे. ट्यूब अँपचं वजन ट्यूबचं नसतं, लोखंडाचं असतं. अँपेग कंपनीचं १९६९ मधलं एसव्हीटी हेड ३०० वॅटचं, चौदा ट्यूबचं, आणि उचलायला दोन माणसं लागावीत असं, पस्तीस किलोच्या वर. कारण ४१ हर्ट्झ पूर्ण ताकदीने पार करणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि त्याच्या जोडीला मेन्स ट्रान्सफॉर्मर, दोन्ही अवजड. क्लास डी अँप आणि स्विचिंग पुरवठा या हलक्या सर्किटांमुळे ते लोखंड गेलं, म्हणून आजचं हेड बेसच्या बॅगेच्या खिशात मावतं. लोकलच्या गर्दीतून, हॉलच्या मागच्या जिन्यावरून सामान नेणाऱ्या वादकाला याचं मोल कळतं. पॉवर ट्यूब आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरची जी खास लवचिकता असते ती अडीच किलोत मिळणार नाही, हे समजून-उमजूनच माणूस असं हेड घेतो. मागणी फक्त प्रीअँपची एक ट्यूब नीट चालवण्याची असते. तिचा हीटर १२.६ व्होल्टला १५० मिलिअँपिअर घेतो, दोन वॅटही नाहीत. दोन्ही ट्रायोड मिळून २५० व्होल्टवर दोनेक मिलिअँपिअर, म्हणजे अर्धा वॅट. तुमच्या ५०० वॅटच्या पुरवठ्यातून अडीच वॅट निघत नाहीत? व्होल्टेज वाढवणारा एक छोटा बूस्ट कन्व्हर्टर लागला असता. वजनात काही ग्रॅम. तुम्ही ते वाचवले आणि पैसे एलईडीवर घातले.

५०० वॅटचंही सांगून टाकतो. हा आकडा ४ ओमचा आहे, तोही १० टक्के डिस्टॉर्शनला, १ किलोहर्ट्झवर. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात आहे. बहुतेक लोक सुरुवातीला ८ ओमचं एकच कॅबिनेट लावतात, तिथे यातलं निम्म्याच्या आसपास मिळतं. दुकानदाराने हे सांगायला हवं होतं, पण तुम्ही डब्यावर छापलं असतं तर त्याच्यावर अवलंबून राहावं लागलं नसतं.

डीआय आउटपुटबद्दल (अँपमधून सिग्नल थेट मिक्सरला देणारी जोडणी) मात्र गप्प बसता येणार नाही. त्याला 'प्री' आणि 'पोस्ट' (प्रीअँपच्या आधी किंवा नंतर) असा स्विच आहे. 'पोस्ट'वर ठेवलं तरी सिग्नल ट्यूबच्या आधीच काढलेला आहे. डीआय रेकॉर्डरला जोडून ट्यूबचं बटण शून्यापासून पूर्ण फिरवलं, रेकॉर्डिंगमध्ये तसूभर बदल नाही. कार्यक्रमात प्रेक्षकांपर्यंत जातो तो डीआयचा आवाज, साउंडवाल्याच्या मिक्सरमधून. म्हणजे ज्या ट्यूबसाठी १४,००० रुपये जास्त घेतले, ती प्रेक्षकांना ऐकू येण्याची सोयच या अँपमध्ये ठेवलेली नाही.

तुमच्या कंपनीची जुनी, जड, पण प्रामाणिक अँप या शहरातल्या कितीतरी सरावखोल्यांत अजून चालतात. तुमचं नाव बघून लोक न ऐकता अँप मागवतात. त्या विश्वासाच्या मागे तुम्ही केशरी दिवा लावलात.

माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. हेड परत न्या आणि बिलाची पूर्ण रक्कम द्या, नेण्याचा खर्च तुमचा. समाधानाने बंद केल्याची खोटी नोंद काढून तसं लेखी कळवा. आणि 'अस्सल ट्यूब प्रीअँप' हे शब्द जाहिरातीतून काढा, किंवा तिथेच छापा की प्लेटवर किती व्होल्ट आहेत, किती ट्रायोड जोडले आहेत, डीआय कुठून काढला आहे आणि ८ ओमला किती वॅट मिळतात. बेस वाजवणाऱ्याला निवड करायला एवढे चार आकडे पुरतात. बदली म्हणून याच मॉडेलचा दुसरा नग पाठवू नका. हा नग बिघडलेला नाही, तो असाच बनवलेला आहे.

पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा आयोगात तक्रार दाखल करीन. ती मी राहतो तिथे करता येते, तुमच्या मुख्यालयाच्या गावी मला यावं लागत नाही, आणि एवढ्या रकमेला शुल्कही नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तक्रार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे वेगळी जाईल. त्यांना १० लाखांपर्यंत दंड करण्याचा अधिकार आहे. सोबत जॉबशीट, डीआयची दोन्ही रेकॉर्डिंग आणि ट्यूब बाहेर असताना लागलेल्या दिव्याचा व्हिडिओ असेल.

उत्तर लेखी द्या, आणि ते ज्याने हा बोर्ड काढला आहे त्याच्याकडून लिहून घ्या.

जोडपत्रे: बिल, सेवा केंद्राची जॉबशीट, तुमचे मेल, तक्रार बंद केल्याचा संदेश.

तुमचा ग्राहक,
पुणे