रंगवलेले प्रत्यक्षदर्शी

महोदय,

युद्धाच्या बातम्या पाहणाऱ्यांनी युक्रेनी दिग्दर्शक सर्गेई लोझ्नित्सा यांचा ‘डोनबास’ (२०१८) हा चित्रपट जरूर बघावा. पूर्व युक्रेनमधल्या फुटीरतावाद्यांच्या ताब्यातल्या भागात तो घडतो. सुरुवातीलाच काही जणांना मेकअप करून सज्ज केले जाते, बाहेर स्फोट होतो आणि हेच लोक कॅमेऱ्यापुढे ‘प्रत्यक्षदर्शी’ बनून रडतात! हसू येते, पण लगेच ओशाळल्यासारखे होते. कारण यातले बरेच प्रसंग खऱ्या हौशी चित्रफितींवर बेतलेले आहेत. खांबाला बांधलेल्या युक्रेनी कैद्याभोवती जमाव चेकाळत जातो, तो प्रसंग तर बघवत नाही. लग्नाचा प्रसंग मात्र मला जरा ताणलेला वाटला. २०१८ मध्येच गोव्याच्या इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात या चित्रपटाला सुवर्णमयूर हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला होता. अशा चित्रपटांना आपली चित्रपटगृहे कधी जागा देणार?

– एक वाचक